एकवीस फेब्रुवारी : धुळ्याचा तुरुंग आणि ढाक्याचा रस्ता

शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी ‘दिनविशेष’ लिहिला जातो. अमुक जन्मले, तमुक वारले, अमक्या लढाईला तोंड लागले. तास संपला की फळा पुसला जातो आणि इतिहासाची ब्याद टळते! २१ फेब्रुवारीचाच फळा घ्या. १८४८ साली या दिवशी मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा लंडनमध्ये जर्मन भाषेत छापून निघाला, असे मानतात. १९१६ साली फ्रान्समध्ये व्हर्दूंची भयंकर लढाई सुरू झाली. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला उतरले. सगळ्या मोठ्या गोष्टी, सगळ्या परमुलखातल्या. पण खानदेशच्या माणसाने या फळ्यावर आणखी दोन ओळी लिहायला हव्यात, आणि त्या कोणाला पुसू देता कामा नयेत.

पहिली ओळ : २१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवरचे पहिले प्रवचन केले.

दुसरी ओळ : २१ फेब्रुवारी १९५२, गुरुवार. ढाक्याला बंगाली भाषेचा हक्क मागणाऱ्या तरुणांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

बरोबर वीस वर्षांचे अंतर. एक जागा आपल्या पांझरेच्या काठची, दुसरी शेकडो कोस लांब बुढीगंगेच्या काठची. एका ठिकाणी बोलण्याला मोकळीक होती आणि माणसे गजाआड होती. दुसऱ्या ठिकाणी माणसे रस्त्यावर मोकळी होती आणि त्यांच्या बोलण्यावर बंदी आली होती. तारखेत कसली जादू नसते, आणि पंचांग पाहून इतिहास चालत नाही, हे आम्हीही जाणतो. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर मातृभाषेच्या लढ्याचे दोन्ही हात दिसतात. म्हणून हा प्रपंच.

आधी धुळ्याचे पाहू. कायदेभंगाची दुसरी लाट आली होती. गांधीजींना पुन्हा अटक झाली होती आणि मुंबई इलाख्यातले तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून गेले होते. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते आणि गावोगावचे साधे कार्यकर्ते होते. दर रविवारी एक अध्याय असे ठरले. अठरा अध्याय, अठरा रविवार. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला समाप्ती. ना व्यासपीठ, ना हारतुरे. श्रोते म्हणजे तुरुंगातली माणसे. कोणी शिकलेले, कोणी जेमतेम अक्षरओळख असलेले. त्यांच्यापुढे विनोबा बोलले ते मराठीत, आणि तेही घरात, शेतात, माजघरात चालते त्या मराठीत. मोठा विचार सांगायला जड शब्दांची फौज लागते, हा पंडितांचा समज त्या तुरुंगात मोडीत निघाला.

आता नीट ऐका. विनोबा बोलले, पण ते बोलणे उरले कसे? त्या तुरुंगात ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. एका माणसाने हातात लेखणी धरली आणि विनोबा बोलत गेले तसतसा तो लिहीत गेला. तो माणूस म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे, मुलांचे साने गुरुजी. त्यांनी ते उतरवून घेतले नसते तर अठरा रविवार वाऱ्यावर गेले असते. त्यांनी घेतले म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि पुढे देशातल्या बहुतेक भाषांत गेले. धुळ्याच्या तुरुंगात बोललेली मराठी भारतभर पोचली, ती कोणाच्या डोक्यावर बसून नव्हे. ज्याने त्याने ती आपापल्या भाषेत आपल्या हाताने नेली. भाषेने मोठे कसे व्हावे, याचा हा धडा आहे.

आता ढाक्याकडे वळू. पाकिस्तान झाले त्या वेळी त्या देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली होती. पण नवे फॉर्म निघाले, नवी तिकिटे निघाली, नाणी निघाली, आणि त्यांच्यावर उर्दू आणि इंग्रजी! बंगालीचा पत्ताच नाही. मनिऑर्डर करायला पोस्टात गेलेल्या माणसाला आपल्याच देशात आपली भाषा सापडेना. फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त यांनी घटना समितीत बंगालीची मागणी केली, ती फेटाळली गेली. मार्चमध्ये खुद्द जीनांनी ढाक्याला येऊन सांगितले की राष्ट्राची भाषा उर्दूच होणार, दुसरी नाही. २७ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी तोच पाढा पुन्हा म्हटला. हे गृहस्थ स्वतः ढाक्याचे बरं का! घरचाच माणूस परका होऊन बोलू लागला, तेव्हा ठिणगी पडली.

विद्यार्थ्यांची मागणी काय होती? उर्दू हाकला, अशी नव्हती. बंगालीलाही राज्यभाषेचा मान द्या, एवढीच होती. सरकारने २० तारखेला १४४ कलम पुकारले. २१ ला विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात जमले आणि त्यांनी बंदी मोडली. दुपारी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहापाशी गोळीबार झाला. रफिक, बरकत, जब्बार, सलाम ही नावे आज बंगालमधल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या, त्यात शफिऊर गेला. सलाम जखमी होता, तो एप्रिलमध्ये वारला. मुलांनी रातोरात एक स्मारक उभारले, ते पोलिसांनी २६ तारखेला पाडले. स्मारक पाडले म्हणून लोक विसरले का? १९५६ च्या घटनेत बंगालीला राज्यभाषा मानावेच लागले, आणि १९७१ साली तो प्रांतच निराळा देश झाला. ज्यांनी पहिली मागणी केली त्या धीरेंद्रनाथांना मात्र त्याच १९७१ च्या मार्चअखेर पाकिस्तानी लष्कराने घरातून नेले आणि मारले. भाषेचा हक्क मागण्याची किंमत काही माणसे तेवीस वर्षांनीही भरतात.

पुढे कॅनडात राहणाऱ्या बंगाली माणसांनी पत्रे लिहिली, बांगलादेश सरकारने ठराव मांडला, आणि १७ नोव्हेंबर १९९९ रोजी युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन ठरवला. २००० सालापासून तो जगभर पाळला जातो. बंगाली माणूस या दिवसाला नुसते ‘एकुशे’ म्हणतो. एकवीस! आकडा उच्चारला की पुढचे काही सांगावे लागत नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याही हिशेबात एक एकवीस आहे, २१ नोव्हेंबर १९५५. त्या दिवशी मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० उजाडला. त्यांत गिरणी कामगार होते, वाटसरू होते, कोवळी पोरे होती. ढाक्याच्या मातेचे दुःख गिरगावच्या मातेला दुभाष्याशिवाय कळेल.

तर मग या दोन ओळी काय सांगतात? ढाका सांगतो की भाषेला हक्क लागतो. पोस्टाच्या फॉर्मवर, कोर्टाच्या दारात, शाळेच्या वर्गात आपली भाषा नसेल तर माणूस आपल्या घरात पाहुणा होतो. धुळे सांगते की नुसता हक्क पुरत नाही, भाषेला काम लागते. तिच्यात कोणीतरी मोठे बोलावे लागते आणि कोणीतरी जवळ बसून ते लिहून घ्यावे लागते. हक्क सरकारकडून भांडून मिळवता येतो. काम आपले आपल्यालाच करावे लागते, त्यासाठी कोणापुढे निदर्शने करणार?

आपला अनुभव पाहा. राज्य मिळाले. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. चांगलेच झाले! पण मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते. पाचोऱ्याचा शेतकरी आपल्याच जमिनीचा निकाल हातात घेतो आणि तो वाचून दाखवायला माणूस शोधत फिरतो. जो बाप सभेत ‘जय महाराष्ट्र’ म्हणून घसा कोरडा करतो, तोच जूनमध्ये पोराला मराठी शाळेतून काढून इंग्रजी पाटीच्या शाळेत घालतो. त्याला आम्ही दोष देत नाही. पोराच्या भाकरीची काळजी त्याला आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जिने भाकरी एका भाषेत ठेवली आणि भाषणे दुसऱ्या भाषेत.

खानदेशाने हे ओझे नेहमीच आपल्या परीने उचलले आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यातच देह ठेवला. जानेवारी १९२७ मध्ये, म्हणजे महिना उलटायच्या आत, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांच्या हस्तलिखितांचा साठा याच गावात सांभाळला. साहित्य संमेलन १९३६ साली जळगावला भरले तेव्हा माधव जूलियन अध्यक्ष होते. १९४४ साली धुळ्याला भरले तेव्हा मामा वरेरकर. आणि १९५२ साली, ढाक्याला रक्त सांडले त्याच साली, अमळनेरच्या संमेलनाचे अध्यक्ष होते भाषेचे अभ्यासक कृ. पां. कुलकर्णी.

त्याच १९५२ साली आणखी एक गोष्ट घडली. आसोद्याची लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला वारली होती. तिला लिहिता येत नव्हते, वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी ती गाणी रचायची, तीही आपल्या लेवा गणबोलीत. घरच्या माणसांनी त्यातली काही उतरवून ठेवली. मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, ती वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेला. अत्र्यांनी ती पाहिली, त्यांचे डोळे दिपले, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती पडली. जिला शाळेचे दार माहीत नव्हते ती शाळेच्या पुस्तकात जाऊन बसली.

इथेही तेच दिसते ना? एक बोलणारी, एक लिहून घेणारा. तुरुंगात विनोबा आणि साने गुरुजी, चुलीपाशी बहिणाबाई आणि सोपानदेव. खानदेशाने मराठीला दिलेली ही दोन पुस्तके अशी कोणीतरी कान देऊन, लेखणी घेऊन शेजारी बसले म्हणून आहेत. साने गुरुजींनी तर पुढे बायकांच्या ओव्याही अशाच गोळा करून ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. आणि न लिहिलेल्या अशा किती वह्या चितेवर गेल्या असतील, याचा विचार आला की जीव गलबलतो.

आता घरातले बोलू. परक्याच्या अन्यायावर बोलणे सोपे असते.

खानदेशी माणूस घरात अहिराणी बोलतो. ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणतो, ‘कुठे’ऐवजी ‘कथा’ म्हणतो. हीच पोर वर्गात ‘शे’ म्हणाली की खसखस पिकते. गुरुजी म्हणतात, “शुद्ध बोल!” पोर गप्प बसते. एकदा गप्प बसलेले पोर पुढे सभेत, कचेरीत, साहेबापुढे गप्पच बसते. ढाक्याला पोस्टाचा फॉर्म पाहून माणसाला जे वाटले असेल तेच त्या पोराला मराठी वर्गात वाटत असेल, तर आपण कोणत्या तोंडाने हुतात्म्यांना हार घालायचा? नवापूरची मावची, धडगावची पावरी, सातपुड्यातली भिली यांची कथा तर याहून वाईट. भिली बोलणारे लोक २०११ च्या जनगणनेत देशभरात एक कोटीहून अधिक होते. खानदेशी सांगणारे अठरा लाखांहून अधिक. ही काही मूठभर माणसे नव्हेत.

आणि हा नुसता मायेचा प्रश्न नाही, मुलखाचाही आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत, १९०७ साली निघालेल्या खंडात, खानदेशी बोली मराठीपासून वेगळी काढून भिली बोलींच्या शेजारी बसवली. ग्रिअर्सनला राजकारण करायचे नव्हते, पण असली वर्गवारी पुढे राजकारणाच्या कामी येते. डांगी बोली मराठीची की गुजरातीची, या वादात डांगाचे भवितव्य लटकत राहिले, आणि १९६० साली डांग गुजरातेत गेला. नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली गावेही पश्चिम खानदेशातून तिकडे गेली. ज्या बोलीला आपण घरात ‘अशुद्ध’ म्हणून हिणवतो, तिच्यावर दुसरा कोणी हक्क सांगितला की मग आपल्याला ती आठवते. असे कसे चालेल? बोलीला मान द्याल तर ती तुमची. नाही तर कागदावर रेघ ओढायला माणसे बसलेलीच आहेत.

कोणी म्हणेल, बोलींचे लाड केले तर मराठी फुटेल. सिलचरकडे पाहा. १९ मे १९६१ रोजी तिथे अकरा माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. का? तर आसाम राज्याने असमियाच राजभाषा केली आणि बराक खोऱ्यातल्या बंगाली लोकांनी आपल्या भाषेची जागा मागितली. ज्या असमिया भाषेवर स्वतः कधी काळी अन्याय झाला होता, तिच्याच नावाने हे झाले. राज्य मिळाले की भाषेच्या अंगात मस्ती येऊ शकते. मराठीच्या अंगात ती येऊ नये, ही जबाबदारी तुमची आमची. भाषा फुटते ती दडपल्याने. पाकिस्तान फुटले ते कशाने, हे वर सांगितलेच आहे.

आमचे भांडण गुजरातीशी नाही, हिंदीशी नाही, कोणाच्याच मायबोलीशी नाही. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्या छातीवर झेलणारा पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता गुजराती घरातला मुलगा होता. त्याच्याबरोबर चार साथी पडले. आज नंदुरबारच्या चौकात त्याला कोणी भाषा विचारीत नाही, तो खानदेशाचा मुलगा आहे. साने गुरुजींनी शेवटच्या वर्षांत आंतरभारतीचा ध्यास घेतला, तो यासाठीच. माझी भाषा मला प्रिय, म्हणून तुझी तुला प्रिय असणार, हे ज्याला कळते तोच भाषेसाठी लढायला लायक.

मग २१ फेब्रुवारीला खानदेशाने काय करावे? हार, फेटे, प्रमुख पाहुणे हे सगळे बाजूला ठेवा. तीन कामे करा.

पहिले काम कायद्याचे. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यांचे नकाशे बदलले, तिनेच घटनेत ३५० क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. म्हणजे भाषावार राज्य आणि लहान भाषेच्या पोराचा हक्क हे एकाच कागदावर जन्मले! एक घ्यायचे आणि दुसरे विसरायचे, हे चालणार नाही. जिल्हा परिषदेत विचारा की पहिली-दुसरीच्या वर्गात पावरी, मावची, भिली जाणणारे शिक्षक किती? ग्रामसभेत ठराव करा. उत्तर येईपर्यंत विचारीत राहा.

दुसरे काम वर्गातले. शिक्षक बंधुभगिनींनो, पोर अहिराणीत बोलले तर त्याला थांबवू नका. आधी त्याचे ऐका, मग तीच गोष्ट पुस्तकी मराठीत कशी सांगायची ते दाखवा. त्याला दोन्ही येऊ द्या. बहिणाबाईला ज्या मराठीने मांडीवर घेतले, तिला त्या पोराची लाज कसली?

तिसरे काम वहीचे, आणि ते उद्यापासून होऊ शकते. घरात आजी आहे, गावात म्हातारा आहे. पेरणीचे शब्द, बैलाच्या दुखण्याची नावे, लग्नातली गाणी, आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, शिव्यासुद्धा! शेजारी बसा आणि ती म्हणेल तशी, तिच्याच उच्चारात, उतरवून घ्या. सुधारू नका. तारीख घाला, गावाचे नाव घाला. आज खिशातल्या फोनवर आवाजही धरून ठेवता येतो. साने गुरुजींपाशी तुरुंगात तो नव्हता, तरी काम अडले नाही. आपले कशासाठी अडावे?

वाचकहो, ही पुस्तिका सभेत घेतलीत, घोषणा दिल्यात, घसा बसला असेल. घरी जाऊन पाणी प्या आणि आजीला विचारा की तिच्या लहानपणी आखाजीला झोक्यावर बसून काय म्हणायच्या. ती आधी लाजेल, ‘काय मेले ते!’ म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. ती बोलू लागली की लिहायला घ्या.